फ्रिज ठीक, बॅटरी ठीक, तरी दुपारी गार होत नाही: ट्रेलरमधल्या बंद कप्प्याचं दुखणं

पहिली रात्रभर फ्रिज झकास चालतो. सकाळी दहाला डिस्प्लेवर ४ अंश. अकरा-साडेअकराला त्याच्या पंख्याचा आवाज चढतो, एक वाजता ९ दिसतात, तीनला १३. कॉम्प्रेसर घटकाभरही थांबत नाही. ऊन उतरलं की हळूहळू आपोआप सुधारतो, म्हणून दुपारचं आपण विसरून जातो. आणि पुढच्या पहाटे चारला बॅटरी बसते, सगळंच बंद. कॅम्पर ट्रेलरच्या बंद कप्प्यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला असेल आणि हे वर्णन ओळखीचं वाटत असेल, तर बॅटरी बदलायच्या किंवा गॅस भरून घ्यायच्या आधी हे वाचा. यातली पहिली चूक मी पैसे घालून केली आणि दुसरी करता करता थांबलो.

आमचा ट्रेलर कुपवाडला करून घेतलेला, बोलेरोच्या मागे ओढतो. फ्रिज ४० लिटरचा. त्याचा कप्पा ट्रेलरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात: डावीकडे दार, मागे ट्रेलरची मागची भिंत, आतल्या बाजूला झोपायच्या जागेची प्लायची भिंत. फ्रिज सरकत्या ट्रेवर, दार उघडून बाहेर ओढायचा. बांधताना माझी एकच अट होती, धूळ अजिबात आत येता कामा नये. जत-आटपाडीकडचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना ही अट कळेल. कारागिरानं मी सांगितलं तसंच केलं: पत्र्याचा डबा, दाराला चारी बाजूंनी रबरी बीडिंग, सांध्यांत सिलिकॉन. दार लावलं की डब्याचं झाकण बसावं तसा आवाज यायचा आणि मला त्याचं फार समाधान वाटायचं.

चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो. आई सोबत होती. आईला इन्सुलिन चालू आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि ती गोठूही द्यायची नसते. विट्याच्या पुढे जेवायला थांबलो तेव्हा दही काढायला मी फ्रिज उघडला, तर दही कोमट. डिस्प्लेवर १४. बाटली हातात घेतली ती गार लागेना. तिथल्या एका बाईंनी दोन मडकी दिली. एकात एक ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली, बाटली डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवली आणि वर ओलं फडकं टाकलं. त्या कोरड्या उन्हात मडक्यानं चांगली साथ दिली, पण मडकं म्हणजे फ्रिज नव्हे. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी ती बाटली न वापरता नवी घ्यायला सांगितली. त्या दिवसापासून हा विषय मी सोडला नाही.

आधी जे केलं आणि ज्यानं काही झालं नाही ते सांगतो, कारण तुम्हालाही सगळे हेच सुचवतील.

बॅटरी बदलली. जुनी १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड ॲसिड होती, तीन वर्षं झालेली, त्यामुळे संशय तिच्यावरच गेला. नवी आणली. पहाटे चारऐवजी साडेपाचला बसायला लागली, इतकाच फरक. हिशेब केला असता तर आधीच कळलं असतं. फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर खातो. तासातली २५ मिनिटं चालला तर दिवसाला ४० एएच. लेड ॲसिडमधून निम्मीच वीज काढायची, म्हणजे १०० च्या बॅटरीतून ५० एएच. एक रात्र आणि एक दिवस निघतो. पण सकाळी अकरा ते रात्री अकरा कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही, तर त्या बारा तासांतच ४८ एएच संपतात. बॅटरी कमजोर नव्हती, तिच्यावर ओझं दुप्पट-अडीचपट पडत होतं.

मग मेकॅनिक म्हणाला, गॅस कमी झालाय, भरून देतो. इथं थांबलो ते बरं झालं. या छोट्या फ्रिजांत गॅस असतो अगदी थोडा, कारखान्यात मोजून भरलेला आणि नळी झाळून बंद केलेली. गळती नसेल तर तो कमी होत नाही. अंदाजानं थोडा जास्त भरला गेला तर उलट दाब वाढतो आणि उन्हात फ्रिज आणखी दमतो. फ्रिज उचलून घरी आणला आणि हॉलमध्ये, भिंतीपासून हातभर लांब, ॲडॅप्टरवर लावला. तासाभरात ३ अंशांवर आला, आणि कॉम्प्रेसर थांबायला-चालू व्हायला लागला. गॅस कमी असता तर घरातही तो असाच रखडला असता. ही चाचणी फुकट आहे आणि अर्धा गोंधळ मिटवते, म्हणून सगळ्यात आधी हीच करा. घरात नीट आणि ट्रेलरमध्ये वाईट, याचा अर्थ दोष फ्रिजबाहेर आहे. बाहेर दोनच गोष्टी असतात, हवा आणि वायर.

वायरीचं पुढं सांगतो. आधी हवा.

तासगावच्या आमच्या दाजींची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. ट्रेलर त्यांच्या अंगणात उभा असताना त्यांनी कप्प्याचं दार उघडलं आणि आत हात घातला. "पाव्हणं, ह्ये तर पेव झालंय की! हळद घालायची काय हितं?" मग म्हणाले, "कांदा असा ठेवला असता तर आठ दिवसांत नासला असता. वारं आत यायला वाट न्हाई, जायला वाट न्हाई."

सांगलीकराला हे एका वाक्यात पटतं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं राहायची ती आत वारं जात नसे म्हणून. कांद्याची चाळ मात्र जमिनीपासून दीड-दोन फूट उचलतात, तळाला फटी ठेवतात, कारण कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून ऊब आणि ओल सुटते. ती बाहेर गेली नाही की माल गेला. फ्रिज हा कांद्यातला आहे. तो थंडी तयार करत नाही. आतल्या दुधातली, पाण्याच्या बाटल्यांतली उष्णता उपसून बाहेरच्या जाळीतून फेकतो, आणि बॅटरीतून घेतलेली सगळी वीजही शेवटी उष्णता होऊन तिथूनच बाहेर पडते. ती उष्णता कप्प्यातच राहिली तर फ्रिज तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि आणखी गरम करून फेकतो.

यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रिजच्या पाठीवरच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' वर्ग म्हणजे भोवतालची हवा ४३ अंशांपर्यंत असताना चालण्यासाठी बनवलेला. भोवतालची म्हणजे त्याच्या जाळीत शिरणारी. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, म्हणून आपण म्हणतो, अजून ३ अंश हातात आहेत. पण कप्प्यात किती आहे ते मोजलेलं नसतं.

मी मोजलं. माशांच्या टाकीला लावतात ते वायरीचे छोटे डिजिटल थर्मामीटर तीन आणले. एक बाहेर सावलीत टांगला, एकाचा सेन्सर फ्रिज जिथून हवा आत ओढतो त्या जाळीसमोर, एकाचा जिथून बाहेर फेकतो तिथं, दोन्ही चिकटपट्टीनं. फ्रिजची आत घेणारी जाळी कुठली हे ओळखायला पतंगाच्या कागदाचा तुकडा धरा. ज्या जाळीला तो चिकटतो ती आत घेणारी. दुपारी अडीच वाजता दार बंद ठेवून आलेले आकडे: सावलीत ३८, आत घेणाऱ्या जाळीसमोर ५३, बाहेर फेकणाऱ्या जाळीसमोर ६१. मग दार सताड उघडलं आणि काहीही न बदलता पाऊण तास थांबलो. आत घेणाऱ्या जाळीसमोर ४१ आणि फ्रिजच्या आतलं तापमान पहिल्यांदा उतरायला लागलं.

ही दार उघडायची चाचणी म्हणजे खरा निकाल. त्याच दिवशी, त्याच उन्हात, दोन तास बंद आणि दोन तास उघडं. उघड्या दारानं सुधारलं तर कप्प्याचं दुखणं. नाही सुधारलं तर पुढचा वायरीचा भाग आधी वाचा.

आता इथून सरळ उपाय सांगून मोकळं होता आलं असतं, पण दुखणं पुन्हा पुन्हा परत आलं ते माझ्या अर्धवट उपायांमुळे, आणि बहुतेक जण इथंच अडकतात.

पहिला अर्धवट उपाय: दाराला भोकं. होल सॉनं दाराच्या वरच्या भागात २ इंची सहा भोकं पाडली, मागे जाळी लावली. दिसायला छान. ५३ चे ४९ झाले. सगळी भोकं एकाच उंचीला, एकाच बाजूला. हवेला त्यातून आत यायचं की बाहेर जायचं हेच ठरत नव्हतं. शेडला एकाच बाजूची जाळी मोकळी ठेवून उरलेल्या तीन बाजू ताडपत्रीनं बंद केल्या तर बेदाणा वाळेल का? वाऱ्याला समोरून वाट लागते.

दुसरा: पंखा. कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा मागच्या भिंतीला वर बसवला, हवा बाहेर फेकणारा. आता भोकांतून आत, पंख्यातून बाहेर, म्हणजे वाट झाली असं वाटलं. ४९ चे ४७. निराश झालो. तेव्हा दाजींनीच देवघरातली अगरबत्ती आणली. पेटवून फ्रिजच्या बाहेर फेकणाऱ्या जाळीसमोर धरली आणि दाराच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं. धूर प्लायच्या भिंतीवर आपटला, वर गेला, फ्रिजच्या झाकणावरून पुढे आला आणि सरळ आत घेणाऱ्या जाळीत शिरला. पूर्ण चक्कर. माझा पंखा मात्र दाराच्या भोकांतून आलेली ताजी हवा वरच्या वर ओढून बाहेर टाकत होता. ती फ्रिजच्या कॉम्प्रेसरपर्यंत पोचतच नव्हती. धुराची ती वळणारी रेघ बघितली आणि सगळं उमजलं.

कप्प्यात भोक आणि पंखा असून भागत नाही. गार हवा आणि गरम हवा यांच्यामध्ये भिंत लागते.

माझा फ्रिज दाराकडच्या अंगानं हवा घेतो आणि आतल्या अंगानं फेकतो. म्हणून कप्प्याचे दोन खण केले: दाराकडचा गार खण, आतला गरम खण. मधे पडदी. २ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याची चौकट कप्प्याच्या भिंतींना रिव्हेटनं बसवली, मधे फ्रिजच्या आकाराचं मोकळं. त्या मोकळ्या कडेला आतून जाड मऊ फोमची पट्टी चिकटवली. ट्रे आत ढकलला की फ्रिज त्या चौकटीत शिरतो आणि फोम त्याच्या अंगाला चारी बाजूंनी टेकतो. बाहेर ओढला की सुटतो. फोम इतकाच दाबला जावा की फ्रिज सरकताना अडणार नाही. मी पहिल्यांदा फार जाड लावला होता, तो दोन दिवसांत सोलून निघाला.

तुमच्या फ्रिजची हवा एका टोकातून दुसऱ्या टोकात जात असेल, तर पडदी त्या दोन टोकांच्या मधे बसेल. कागदाच्या तुकड्यानं आधी वाट ओळखा, मग पत्रा कापा. काही फ्रिजांत दोन्ही जाळ्या एकाच टोकाला अगदी जवळ असतात; तिथं दोन्हींच्या मधोमध, फ्रिजच्या अंगापासून कप्प्याच्या भिंतीपर्यंत फोमचा बांध घालावा लागतो. काम छोटं आहे पण पूर्ण फरक त्यानंच पडतो.

मग वाटा. आत यायची वाट दाराच्या खालच्या भागात, १५ सेंटिमीटर लांब-रुंद. बाहेर जायची वाट गरम खणातून ट्रेलरच्या मागच्या भिंतीत, अगदी वर, २५ बाय १२ सेंटिमीटर, खाली वळलेल्या पट्ट्यांचं लूव्हर. वरची सहा भोकं पत्र्याचा तुकडा लावून बुजवली, नाहीतर हवा पुन्हा आखूड वाटेनं पळते. आत यायची वाट ट्रेलरच्या तळाला ठेवू नका असं माझं ठाम मत आहे. तिथं डांबराची धग, चाकाची धूळ आणि पावसाळ्यात चिखल. ओढणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ज्या बाजूला तोंड करतो ती बाजूही टाळा. आणि बाहेर जायची वाट झोपायच्या जागेत किंवा पुढच्या तंबूत सोडू नका. आमच्याकडे ती चूक थोडक्यात टळली, प्लायला भोक पाडणं सोपं होतं म्हणून कारागीर तेच करणार होता.

पंखाही जागा बदलून आला. मागून ओढणाऱ्याऐवजी आता तो दाराच्या वाटेवर आहे, आत ढकलणारा. यामागं धूळ आहे. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेची पोकळी होते, मातीच्या रस्त्यावर सगळा धुरळा तिथं वळून येतो. ओढणारा पंखा कप्प्यात ओढ निर्माण करतो, मग बारीक फटीफटीतून तो धुरळा आत येतो. ढकलणारा पंखा आत किंचित जास्त दाब ठेवतो, हवा फटींतून बाहेर निघते, धूळ बाहेरच राहते. आत येणारी सगळी हवा एकाच ठिकाणातून, तिथं एसीच्या फिल्टरसारखी धुता येणारी जाळी लावली. मातीच्या रस्त्यावर पंखा सतत चालू ठेवतो, फ्रिज चालू असो की नसो.

पंखा दाराला असल्यानं वायर बिजागरीजवळून न्यावी लागते. ती लवचीक घ्या, स्पीकरच्या वायरीसारखी, आणि दार पूर्ण उघडल्यावरही चार बोटं सैल राहील अशी. माझी पहिली वायर कडक होती, वीस-पंचवीस वेळा उघडझाप झाल्यावर आतून तुटली आणि बाहेरून काही दिसेना. त्या दिवशी दुखणं पुन्हा परत आलं होतं, आणि मी पुन्हा फ्रिजवर संशय घेतला होता.

किती हवा लागते याचा हिशेब करून बघितला, कारण दुकानात पंखे भलत्या आकड्यांनी विकतात. फ्रिज ५० ते ६० वॅट खातो, त्यात आत नुकत्याच ठेवलेल्या कोमट बाटल्यांची उष्णता धरा, हिशेबाला १०० वॅट. हवा ५ अंशांपेक्षा जास्त तापू नये असं ठरवलं तर १०० ला ०.३३ (एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास) गुणिले ५ नं भागायचं, ताशी साधारण ६० घनमीटर हवा येते, दुकानातल्या भाषेत ३५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३५ घनफूट. १२० मिलिमीटरच्या पंख्यावर ६०-७० सीएफएम लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेत. जाळी, फिल्टर, वळणं यांतून निम्मं मिळालं तरी पुष्कळ. तेवढी हवा सेकंदाला १ मीटर वेगानं जायची तर वाट हवी १६७ चौरस सेंटिमीटर. माझी आत यायची वाट २२५ ची, बाहेरची ३०० ची. डासांची बारीक जाळी लावली की निम्मी जागा तारच खाते, म्हणून वाटा ऐसपैस ठेवा. पंखा नुसता २-३ वॅटचा आहे, चोवीस तास चालला तरी ५ एएच. वाचतात त्याच्या कितीतरी पट.

पंखा आपोआप चालू व्हावा म्हणून डब्ल्यू १२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट मॉड्यूल मिळतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात. सेन्सर गरम खणात ठेवला, ३५ ला चालू, ३२ ला बंद. बोर्ड उघडा असतो, म्हणून पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये घातला, आणि वाटेत २ अँपिअरचा फ्यूज. फ्रिजच्या आतल्या पंख्याच्या टर्मिनलला हा पंखा जोडू नका. तिथून फार थोडी वीज घ्यायची मुभा असते, आणि मर्यादा ओलांडली की कंट्रोल स्वतःला बंद करून घेतो.

बॅटरीही त्या कप्प्यातून काढली. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो बंद डब्यात, शेजारी ठिणगी पडू शकणारे स्विच. शिवाय उष्णतेनं बॅटरीचं आयुष्यही घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली असेल तर तिलाही तापलेल्या डब्यात चार्ज होणं मानवत नाही. दाराच्या आतल्या बाजूला १० मिलिमीटरचा काळा नायट्राइल फोम चिकटवला, एसीच्या पाइपला गुंडाळतात तो, आणि बाहेरून दार पांढरं रंगवलं. आधी गडद राखाडी होतं. दुपारी त्यावर हात ठेववत नव्हता. मुक्कामाला ट्रेलर उभा करताना दुपारनंतर फ्रिजची बाजू पश्चिमेला येणार नाही एवढं बघतो. दंडोबाच्या पायथ्याला एकदा सावलीच्या मोहानं उलटा उभा केला होता, चारनंतर सावली सरकली आणि ऊन थेट दारावर आलं.

हे सगळं झाल्यावर तेच तीन थर्मामीटर, तसाच दिवस, तीच वेळ: सावलीत ३८, आत घेणाऱ्या जाळीसमोर ४१, बाहेर फेकणाऱ्या जाळीसमोर ४९. फ्रिजच्या आत ४. कॉम्प्रेसर तासातली २५ ते ३० मिनिटं चालतो आणि मग खरोखर थांबतो. तो थांबल्यावरची शांतता आम्ही सगळ्यांनी बसून ऐकली. सावली आणि आत घेणारी जाळी यांत ४-५ अंशांपेक्षा जास्त फरक नको, हा माझा मापदंड. तो वाढला की कुठंतरी काहीतरी बिघडलंय.

आणि बिघडतं. म्हणूनच हे दुखणं परत परत येणारं आहे. फिल्टर तुंबतो, ऊसतोडीच्या दिवसांत, ट्रॉल्यांच्या मागून चाललं की चार दिवसांत. मी प्रत्येक मुक्कामाला झटकतो आणि घरी आल्यावर साबणाच्या पाण्यात धुतो. कडेचा फोम सोलतो. ट्रेवर फ्रिजशेजारी मोकळी जागा दिसली की कुणीतरी तिथं चादर किंवा चपला कोंबतं. आता गार खणात 'इथं काही ठेवू नका' असं मुलीनं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.

एक प्रकार मात्र माझ्या स्वप्नातही आला नसता. पावसाळ्यात ट्रेलर दोन महिने उभा होता. दिवाळीत चांदोलीच्या बाजूला जायला काढला तर गरम खण पुन्हा तापायला लागला. पंखा चालू, फिल्टर स्वच्छ. शेवटी लूव्हरच्या पट्ट्यांत बोट घातलं तर मातीचा गोळा हाताला लागला. कुंभारीण माशीनं पट्ट्यांच्या मधोमध आपली मातीची घरं बांधली होती, सुकून दगडासारखी झालेली, एकाला एक लागून पाच. निम्मं लूव्हर बंद. स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली. आता लूव्हरच्या आतून मोठ्या छिद्रांची जाळी आहे, डासांची नाही, आणि ट्रेलर उभा असताना बाहेरून पत्र्याचं झाकण. झाकणाला लाल फडकं बांधलंय, निघताना काढायचं विसरू नये म्हणून.

आता वायर. दार उघडूनही सुधारलं नसेल तर इथं बघा. फ्रिज चालू असताना, म्हणजे कॉम्प्रेसर फिरत असताना, मल्टिमीटरनं दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: बॅटरीच्या टोकांवर आणि फ्रिजच्या सॉकेटवर. नुसता फ्रिज बंद ठेवून मोजलं तर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि काही कळणार नाही. माझ्याकडे बॅटरीवर १२.४ आणि सॉकेटवर ११.५ होते. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर, १.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर. ५ अँपिअरला त्यातच ०.७ व्होल्ट जातात. उरलेले सिगारेट लायटरच्या ढिल्या पिनमध्ये गेले, ती हाताला गरम लागत होती. ४ स्क्वेअरची तांब्याची वायर टाकली, घट पाव व्होल्टवर आली. लायटरची पिन काढून अँडरसन कनेक्टर लावला. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्याची तीन पातळ्यांची सेटिंग असते; वायर बारीक असेल तर वरच्या पातळीवर तो बॅटरी भरलेली असूनही बंद पडतो.

बऱ्याच फ्रिजांत डॅनफॉसचा, आताच्या सेकॉपचा बीडी मालिकेचा कॉम्प्रेसर असतो आणि त्याच्या कंट्रोलला एलईडी जोडलेला असतो. तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे पंखा जास्त वीज ओढतोय. तीनदा म्हणजे मोटर सुरू होईना, चारदा म्हणजे ओझ्याखाली वेग राखता येईना. उन्हात तापलेल्या कप्प्यात हे दोन्ही दिसू शकतात. पाचदा म्हणजे कंट्रोलच तापलाय. पाचदा लुकलुकलं तर दार उघडा, अर्धा तास थांबा आणि वर परत जाऊन सुरुवातीपासून वाचा. दुसऱ्या कंपन्यांच्या फ्रिजवर आकडे वेगळे असतात, माहितीपत्रक बघा.

फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालणारा असेल तर यातलं काहीही करू नका. त्यात ज्योतीला हवा लागते, जळलेला वायू बाहेर जावा लागतो, आणि वाटा बनवणाऱ्यानं सांगितलेल्याच मापाच्या हव्यात. तिथं पंखा लावून ज्योत विझवणं किंवा वायू झोपायच्या जागेत ढकलणं जिवावर बेतू शकतं.

यंदा चैत्रात पुन्हा खरसुंडीला जाऊन आलो. विट्याच्या पुढे तिथंच थांबलो. दुपारचे अडीच, सावलीत ३९. आईनं स्वतः फ्रिज उघडला, बाटलीची डबी काढून गालाला लावली आणि पुन्हा आत ठेवली. डिस्प्लेवर ५ होते. मी खाली वाकून फिल्टर झटकला. विट्यापर्यंतच्या रस्त्यानं त्यावर बोटभर लाल माती बसली होती.